स्मरण आणि स्तुती

तालुक्याच्या गावात एखादी वृद्ध स्त्री वारते तेव्हा पुष्कळदा एक गोष्ट घडते. दशक्रियेची पत्रिका घरोघर जाते आणि तीवर छापलेले नाव वाचून शेजारीपाजारी क्षणभर थबकतात. हे नाव कोणाचे, हे कोणीतरी सांगावे लागते. साठ वर्षे त्या गावाने तिला 'मास्तरीणबाई', 'वाड्यातल्या काकू', 'अमक्याची आई', 'कोपऱ्यावरची आजी' अशा नात्यांनीच ओळखलेले असते. तिचे स्वतःचे नाव गावाला कळते, ते त्याआधी 'कै.' लागल्यावर. मग चार माणसे बोलतात. तिने सोसले, तिने केले, दारी आलेल्याला उपाशी जाऊ दिले नाही, शेवटपर्यंत कोणाविषयी तक्रार म्हणून केली नाही. हे सारे बहुधा खरे असते, आणि बोलणाऱ्यांचा गहिवरही खोटा नसतो. तरीही एक नैतिक प्रश्न शिल्लक राहतोच. अशा प्रकारे जिचे स्मरण केले जाते, ती स्त्री त्या स्मरणात असते का?

हा प्रश्न भावनेचा नसून न्यायाचा आहे. एखाद्या दीर्घ आयुष्याविषयी साक्ष देण्याचा अधिकार सामान्यतः ज्यांना मिळतो, ते त्या आयुष्याचे लाभार्थी असतात. तिच्या हातचे जेवून वाढलेले मुलगे, तिच्या कष्टांवर उभा राहिलेला संसार, तिच्या मौनामुळे अभंग राहिलेले घर हेच तिचे साक्षीदार होत. ज्याने घेतले त्यानेच देणारीविषयी बोलावे, आणि बोलताना देण्याच्या गुणाची थोरवी गावी, यात एक अवघड गोम आहे. त्यागाची स्तुती केली की ऋण मान्य केल्याचे समाधान मिळते. पण तो त्याग तिने स्वेच्छेने केला होता की तिच्याकडून करवून घेतला गेला होता, हा प्रश्न विचारण्याची गरज त्याच समाधानामुळे संपते. स्तुती अशा वेळी ऋण फेडीत नाही, फक्त खाते बंद करते.

परंपरेने स्मरणाची जी व्यवस्था लावली, तिच्यातही हे दिसते. श्राद्धविधीत पित्याबरोबर मातेचा, पितामहाबरोबर पितामहीचा उच्चार होतो. एवढ्यापुरते तिचे नाव तीन पिढ्या टिकते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र हा उच्चार पतीच्या गोत्रासह होतो. भाद्रपद वद्य नवमीला 'अविधवा नवमी' म्हणतात, कारण त्या दिवशी पतीच्या आधी मरण पावलेल्या स्त्रियांचे श्राद्ध करावयाचे असते. स्त्री कोण होती यापेक्षा ती कोणाच्या आधी अथवा नंतर गेली, यावरून तिच्या स्मरणाचा दिवस ठरावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आधुनिक शासनाचे स्मरण याहून फार निराळे नाही. जनगणनेच्या वर्गवारीत केवळ घरकाम करणारी स्त्री 'काम न करणाऱ्यां'त मोजली जाते. शेतावर वा घरच्या धंद्यात विनामोबदला राबणे हेही कामच होय, याची स्पष्ट आठवण प्रश्नावलीत घालून द्यावी लागली ती 1991 च्या जनगणनेत.

साहित्यानेही या स्त्रियांना प्रवेश दिला तो बहुधा आडवाटेने. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकाच्या नावात 'आमच्या' असले, तरी वाचकांनी ते दीर्घकाळ न्यायमूर्तींचे चरित्रसाधन म्हणून वाचले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1937 या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांचा उगमही पतीचे चरित्र लिहिण्याच्या मुलाच्या खटपटीत आहे. रेव्हरंड टिळकांच्या आठवणी हव्या होत्या म्हणून लक्ष्मीबाईंना लिहिते केले गेले. परंतु हातात लेखणी आल्यावर त्यांनी पूजनीय पतीचे चित्र काढण्याऐवजी एका लहरी, प्रेमळ, असह्य आणि असामान्य माणसाबरोबरचा संसार सांगितला. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. त्यानंतरची ताटातूट आणि 1900 मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतः केलेला धर्मस्वीकार यांविषयी त्या लिहितात, तेव्हा 'पतीच्या मागे गेलेली पत्नी' हे सोपे चित्र टिकत नाही. मधल्या वर्षांत एक मन स्वतःचा सोवळ्याओवळ्याचा संस्कार तपासून पाहत होते आणि स्वतःच्या पायांनी निर्णयापर्यंत आले, हे वाचकाला कळते. ही वर्षे दुसऱ्या कोणी सांगितली असती, तर ती निष्ठेची कथा झाली असती. लक्ष्मीबाईंनी सांगितल्यामुळे ती विचाराची कथा झाली.

येथे पहिला मुद्दा हाती लागतो. स्मरणाची स्तुती झाली की प्रथम गळते ती त्या व्यक्तीची निर्णयशक्ती. सोसणे लक्षात राहते, पण सोसताना चाललेला विचार लक्षात राहत नाही. बंगालमधील राससुंदरी देवींचे 'आमार जीबन' हे 1876 साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र या दृष्टीने आजही वाचनीय आहे. बाराव्या वर्षी लग्न होऊन त्या एका मोठ्या घरात आल्या. त्यांना बारा अपत्ये झाली. सारा दिवस स्वयंपाकघरात जाई. पाहुणे आणि मुले यांच्या व्यापात लागोपाठ दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न गेले नाही आणि घरातील कोणाच्या ते लक्षातही आले नाही, असा एक प्रसंग त्यांनी नोंदवला आहे. अंगणातील धान्य घोडा खात असताना त्या बाहेर येईनात, कारण तो पतीचा घोडा होता आणि त्याच्यासमोर जाण्याचीही लाज वाटे. त्याच राससुंदरींनी 'चैतन्य भागवता'चे एक पान आणि मुलाने अक्षरे गिरवलेले ताडपत्र स्वयंपाकघरात लपवून ठेवले आणि चोरून वाचायला शिकून घेतले.

त्यांच्या मुलाला आईविषयी बोलायला सांगितले असते, तर तो काय बोलला असता? आईने कधी तक्रार केली नाही, हेच. आणि ते खोटे ठरले नसते. दोन दिवसांची ती उपासमार कोणाच्या साक्षीत येऊच शकत नव्हती, कारण साक्षीदार त्या वेळी जेवत होते. मरणोन्मुख आईला भेटायला जाता आले नाही, मुलगा असते तर पाखरासारखी उडून गेले असते, हे दुःख त्यांनी स्वतः लिहिले म्हणूनच आज ठाऊक आहे. बाहेरून जे समाधान दिसले, त्याच्या आत हिशेब चालू होता. ज्या असंख्य स्त्रियांनी असे पुस्तक लिहिले नाही, त्यांच्या मनात असा हिशेब नव्हता, असे मानण्यास कोणताच आधार नाही.

मग उपाय काय? स्त्रीने स्वतः बोलावे आणि तिचे बोलणे प्रमाण मानावे, हे उत्तर सोपे वाटते. परंतु फलटणच्या बेबी कांबळे यांचे उदाहरण या उत्तरालाही थांबवते. 1929 मध्ये जन्मलेल्या आणि 2012 मध्ये निधन पावलेल्या या स्त्रीचे दीर्घ आयुष्य त्या लहान शहराच्या परिसरात गेले. पतीबरोबर त्यांनी छोटे दुकान चालवले. दुकानात पुड्या बांधायला येणारी रद्दी त्या वाचत, आणि तेथेच बसून लिहीत. लिहिलेले कागद त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. फलटणमध्ये स्थायिक झालेल्या विदुषी मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने ते लेखन 'स्त्री' मासिकात आले आणि 1986 साली 'जिणं आमुचं' या नावाने ग्रंथरूप झाले. नावातील सर्वनाम महत्त्वाचे आहे. हे 'माझे' जिणे नाही. महारवाड्याचे दारिद्र्य, देवादिकांचा धाक, सासुरवास, आंबेडकरी चळवळीने दिलेले भान हे सारे त्यात एका समाजाचे म्हणून येते. पतीकडून स्वतःला सोसावी लागलेली मारहाण मात्र त्यांनी पुस्तकात जवळजवळ येऊ दिली नाही. पुढे एका मुलाखतीत त्याविषयी विचारले गेले तेव्हा त्यांनी ती सांगितली, आणि समाजाचे दुःख आपल्या दुःखाहून महत्त्वाचे वाटले, असा त्यामागचा विचारही सांगितला.

या मौनाचा अर्थ कसा लावावा? एका बाजूने पाहता, व्यक्तीचे दुःख समूहासाठी बाजूला ठेवण्याची जी सवय स्त्रियांना लावली जाते, तिचाच हा एक प्रकार म्हणता येईल. दुसऱ्या बाजूने, काय सांगावे आणि काय राखून ठेवावे हे ठरवणे हाही त्या स्त्रीचाच निर्णय होता, आणि तो तिने समजून-उमजून घेतला होता. तिच्या मौनाची 'सोशिकता' म्हणून स्तुती करणे जितके चुकीचे, तितकेच ते केवळ 'दडपणूक' म्हणून मोडीत काढणेही चुकीचे. दोन्ही वेळा तिच्या वतीने दुसरेच कोणी ठरवत असते. दुसरा मुद्दा तो हा, की ज्या स्मरणाला न्याय्य व्हायचे असेल, त्याने स्तुती सोडावी, पण स्तुतीची जागा उघडकीला देऊ नये. वृद्धेच्या ट्रंकेतील प्रत्येक कागद वाचणे म्हणजे तिला ओळखणे नव्हे.

यावर एक वाजवी आक्षेप येईल. ज्या स्त्रियांचा वर उल्लेख झाला त्या लिहू शकल्या. जिने काहीच लिहिले नाही, जिच्या आयुष्यात सांगण्याजोगी घटनाच नाही, तिच्या बाबतीत या काटेकोरपणाचा उपयोग काय? माणसे विसरली जातात, हा निसर्गक्रमच नव्हे का? विसरणे अटळ आहे, हे खरे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी जी गाणी टिपून ठेवली ती उरली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली ती पुस्तकरूपाने आली. जात्यावर आणि शेतात विरून गेली, त्यांचा शोध आता लागायचा नाही. परंतु विसरणे आणि चुकीचे आठवणे यांत भेद आहे. विसरलेल्या व्यक्तीची जागा निदान रिकामी राहते. चुकीच्या आठवणीत ती जागा एका आदर्श मूर्तीने भरलेली असते, आणि ती मूर्ती पुढच्या पिढीतील सुनेसमोर उदाहरण म्हणून ठेवली जाते. 'आमच्या आजीने कधी तक्रार केली नाही' हे वाक्य मृत स्त्रीविषयी असले, तरी ते बहुधा जिवंत स्त्रीला ऐकवण्यासाठी उच्चारलेले असते. म्हणूनच ही केवळ गतकाळाची बाब नाही.

घटना नसलेल्या आयुष्याचा प्रश्न मात्र उरतो. चरित्रलेखनाला घटना लागतात. लहान गावातील स्त्रीचे दीर्घ आयुष्य घडते ते पुनरावृत्तीतून. पाणी, चूल, आजारपणे, सण, वाळवणे, कोणाचे बाळंतपण, कोणाचे मरण, आणि पुन्हा पाणी. परंतु या पुनरावृत्तीतही प्रत्येक दिवशी निवड असते. कोणाला आधी वाढायचे, कोणते भांडण वाढू द्यायचे नाही, कोणत्या शेजारणीशी बोलणे तोडायचे, मुलीच्या शाळेसाठी घरच्या मोठ्यांशी केव्हा आणि कोणत्या शब्दांत बोलायचे, हे कोणीतरी रोज ठरवत होते. आठवणारा जर 'ती कष्टाळू होती' असे म्हणण्याऐवजी तिने एकदा कोणाला ठाम नकार दिला, तिला कोणता पदार्थ मुळीच आवडत नसे, कोणाला तिने शेवटपर्यंत क्षमा केली नाही, हे सांगू शकला, तर तो तिच्या अधिक जवळ असतो. आणि हे सांगता येत नसेल, तर ते ठाऊक नाही एवढे मान्य करणे हाही स्मरणाचाच प्रामाणिक भाग आहे. साठ वर्षे एका घरात राहून तिची आवडनिवड कोणास ठाऊक नसावी, ही माहिती तिच्याविषयी फार थोडे आणि घराविषयी पुष्कळ सांगते.

पत्रिकेवरील नाव वाचून थबकणाऱ्या शेजाऱ्यांकडे या दृष्टीने पुन्हा पाहता येते. ते नाव कोणाचे, असे त्यांना क्षणभर वाटते, तेव्हा ते नकळत एका खऱ्या प्रश्नाशी येऊन ठेपलेले असतात. नंतरच्या भाषणांत तो प्रश्न बुजून जातो. तो बुजू न देणे, निदान तिच्या नावाच्या व्यक्तीची आपल्याला पुरती ओळख नव्हती एवढे मनाशी कबूल करणे, हे त्या दीर्घ आयुष्याचे किमान देणे आहे. अशी कबुली देणाऱ्या घरात पुढच्या स्त्रीला तिच्या हयातीतच कोणीतरी विचारील की, आज तू जेवलीस का, आणि तुला काय वाटते.