विद्यार्थ्यांचे मौन

आपल्या शिक्षकांविषयी व महाविद्यालयाविषयी विचारलेल्या प्रश्नांस उत्तर देणे हे विद्यार्थ्याचे कर्तव्य आहे, की ती केवळ त्याच्या मर्जीची बाब आहे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘नॅक’ने, २०१७ साली आपली मूल्यमापनाची पद्धत बदलली, तेव्हा तीत विद्यार्थ्यांचे समाधान अजमावणाऱ्या पाहणीस स्थान दिले. प्रश्न २१, त्यांपैकी २० पर्यायांतून निवडावयाचे. अभ्यासक्रम वर्गात किती शिकवून झाला, शिक्षक तयारी करून येतात काय, अंतर्गत गुणदान निःपक्षपाती असते काय, असे ते साधे प्रश्न.

महाविद्यालयापुरती अट अशी होती की, एकंदर विद्यार्थ्यांपैकी १० टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या लहान असेल निदान तितकी उत्तरे यावीत. म्हणजे ४,००० विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात ३,९०० जण मुके राहिले तरी नियमाचे समाधान होत असे. १०० ही संख्या मुळातच अपुरी आहे, असे आमचे म्हणणे नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेले शंभर जण पुष्कळ काही सांगून जातील. परंतु आपण होऊन पुढे आलेले शंभर बहुधा दोन टोकांचे असतात, काही रागावलेले, काही प्राध्यापकांच्या मर्जीतले. मधला जो मोठा समुदाय, ज्याला शिकवणे थोडे कळते व थोडे कळत नाही, तो आपले मत घेऊन निमूटपणे घरी जातो; आणि खरे पाहता महाविद्यालय चालते ते त्याच्यासाठीच.

हा समुदाय आळशी आहे म्हणून गप्प बसतो, असा निवाडा आमचे व्यवसायबंधू मोठ्या सुलभतेने देतात. तो आम्हांस मान्य नाही. ज्याच्या अंतर्गत परीक्षेचे गुण ज्यांच्या हाती आहेत, त्यांच्याविषयी त्याने निर्भयपणे लिहावे अशी अपेक्षा करताना, ती निर्भयता त्यास कोणी दिली, हेही विचारावयास हवे. आमच्या शहरात याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे काढलेले महाविद्यालय आज मिलिंद या नावाने ओळखले जाते, आणि त्याचा परिसर नागसेनवन. महाविद्यालयास नाव प्रश्न विचारणाऱ्याचे आहे व भोवतालच्या भूमीस उत्तर देणाऱ्याचे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात मिलिंद राजा वादास आला असता नागसेन आधी एक अट घालतो. वाद पंडितांसारखा होणार असेल तर तो बोलेल, राजांसारखा होणार असेल तर नाही. पंडिताचे म्हणणे खोडले तरी तो रागावत नाही. राजाशी मतभेद झाला की त्याचा परिणाम शिक्षेत होतो. राजाने ही अट मानली आणि मगच संवाद सुरू झाला. शिक्षक व विद्यार्थी यांत आज राजाच्या जागी कोण आहे, हे सांगावयास नको. उत्तर मागण्यापूर्वी अट मानण्याची पाळी आमच्याकडे, म्हणजे शिक्षकांकडे, आहे.

ही अट पाळली गेल्यावर मात्र विद्यार्थ्याच्या मौनास आधार उरत नाही. ‘तीन वर्षांनी मी निघून जाणार, मला काय त्याचे?’ हा त्याचा आक्षेप व्यवहारी आहे, पण ज्या ग्रंथालयात तो बसतो तेथील पुस्तके मागणारे विद्यार्थीही कधीच निघून गेले आहेत. तथापि हे कर्तव्य सक्तीने करवून घेता येत नाही. संगणककक्षात रांग लावून, पाठीशी कारकून उभा करून भरून घेतलेली उत्तरे आम्ही उत्तरे समजत नाही. तसेच प्रश्न न वाचता वरपासून खालपर्यंत ‘उत्तम’वर खूण करीत जाणे हे आमच्या मते मौनाहून वाईट, मौनाने निदान एवढे कळते की, काहीच कळलेले नाही.

राहता राहिला एकविसावा प्रश्न. त्यात पर्याय नव्हते. शिकणे-शिकवणे सुधारावे म्हणून तीन सूचना स्वतःच्या शब्दांत लिहावयाच्या होत्या. ही जागा आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. मराठवाड्यातील खेड्यांतून आलेला मुलगा तेथे एवढेच लिहील की, दुपारच्या एस.टी.मुळे शेवटचा तास चुकतो, तो सकाळी घ्यावा. असे वाक्य कोणत्याही श्रेणीत बसत नाही. पण ते वाचून वेळापत्रक बदलता येते, आणि बदलल्याचे फलकावर लावताही येते.