श्रमाची प्रतिष्ठा कोणाची?

कोल्हापूरचें शिवाजी विद्यापीठ १९६२ सालीं स्थापन झालें. इतिहास-संशोधक आप्पासाहेब पवार हे त्याचे पहिले कुलगुरु. पुण्यामुंबईचा खर्च ज्यांस झेपत नव्हता, अशा शेतकरी कुटुंबांतील मुलांच्या दाराशीं त्यामुळें उच्च शिक्षण आलें. हें कार्य लहान नव्हे.

तेथील ‘कमवा आणि शिका’ ही योजना मात्र आम्हांस विचारांत पाडते. गरीब विद्यार्थ्यानें रोज कांहीं वेळ काम करावें व त्या मोबदल्यांत शिक्षणाचा खर्च भागवावा, असें तिचें स्वरूप आहे. वार लावून वा माधुकरी मागून शिकण्यापेक्षां हें शतपटीनें बरें. त्याविषयीं वाद नाहीं. पण एक मुलगा झाडांस पाणी घालीत आहे व त्याचाच सहाध्यायी खिडकींतून तें पाहात चहा घेत आहे, अशा ठिकाणीं प्रतिष्ठा श्रमास मिळते, कीं दारिद्र्य तेवढें चारचौघांत उघडें पडतें? ह्या कल्पनेचे जनक कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहात, एकत्र जेवत आणि एकत्र राबत. त्या श्रमाचें तेज ह्या ‘एकत्र’ शब्दांत होतें, असें आम्हांस वाटतें.

सधन मुलांस काम दिल्यास गरजूंचा घांस जाईल, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. म्हणून मोबदला गरजूंसच द्यावा. काम सर्वांनीं करावें. अडचण येईल ती सुशिक्षित पालकांची: ‘मुलगा शिकावयास धाडला आहे, झाडावयास नव्हे!’