साक्षीचें मोल

गेल्या वर्षीं आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय-समितीपुढें एक पत्र आलें. आमच्या मराठी विभागाच्या संकेतस्थळावर अभ्यासकांस उपयोगी पडतील अशा चाळीस स्थळांची यादी आहे. त्या यादींत आपल्याही स्थळाचा एक दुवा घालावा, आणि त्याबद्दल ग्रंथालयानें ठराविक रकमेची देणगी स्वीकारावी, अशी एका व्यापारी मंडळीची सूचना होती. पत्राची भाषा नम्र होती, रक्कम क्षुल्लक नव्हती, आणि ग्रंथालयास नवे कोश घ्यावयाचे होते. समितींतील एका तरुण सहकाऱ्यानें विचारलें, "सर, एका ओळीनें कोणाचें काय बिघडणार आहे ?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचें उत्तर आम्हांला तत्काळ देतां आलें नाहीं. मागाहून आम्ही त्याचा जो विचार केला, तो येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम मनांत येतें तें हें कीं, एका ओळीसाठीं कोणी पैसे कां मोजावे ? आमची यादी महिन्यांतून फार तर पांचपन्नास विद्यार्थी उघडून पाहत असतील. त्या व्यापाऱ्यांना विद्यार्थी नको होते. त्यांना हवी होती ती आमची साक्ष. आणि तीही माणसांपुढें नव्हे, तर शोधयंत्रापुढें. हें नीट ध्यानांत येण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

आंतरजालावरील पानें धुंडाळून देणारीं आरंभींचीं यंत्रें मुख्यतः पानांवरील शब्द पाहत. एखादा शब्द ज्या पानावर वारंवार आला, तें पान त्या विषयाचें, असा त्यांचा ढोबळ हिशेब असे. अर्थात् स्वमुखानें स्वतःची स्तुति करणाराला तेथें सहज पुढची जागा मिळे. १९९६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं निराळा मार्ग धरला. पान स्वतःविषयीं काय म्हणतें याहून, इतर पानें त्याच्याकडे बोट दाखवितात कीं नाहीं, हें पाहावें, अशी त्यांची युक्ति होती. १९९८ सालीं त्यांनीं ती निबंधरूपानें मांडली, आणि त्याच वर्षीं गूगल ही कंपनी स्थापन केली. या कल्पनेचें बीज विद्वानांच्या व्यवहारांत पूर्वींच पडलेलें होतें. कोणत्या निबंधाचा उल्लेख कोणीं केला याची सूचि करावी, ही योजना यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालींच सुचविली होती.

पेज व ब्रिन यांनीं हीं मतें नुसतीं मोजलीं नाहींत, तीं तोललीं. ज्या पानाकडे वजनदार पानें बोट दाखवितात, त्याच्या बोटालाही अधिक वजन. शिवाय तें वजन त्या पानावरील सर्व दुव्यांत सारखें वांटलें जातें. दहाजणांची शिफारस करणाराची एक शिफारस ही एकाचीच शिफारस करणाराच्या मानानें दशांश भरते. आमचे नैयायिक येथें लागलीच अन्योन्याश्रयाचा दोष दाखवतील. थोर कोण, तर ज्याला थोर लोक मानतात तो. आणि ते मानणारे तरी थोर कशावरून? गणितानें यांतून वाट काढली. आरंभीं सर्व पानें समान धरावीं, वजनें वांटावीं, आलेलीं वजनें पुन्हा वांटावीं, आणि आंकडे स्थिरावेपर्यंत हा क्रम चालूं ठेवावा. त्यांत आणखी एक उदार तजवीज होती. दुव्यामागून दुवा धरून हिंडणारा एक काल्पनिक वाचक शंभरांतून सुमारें ८५ वेळां समोरचा दुवा धरील, आणि १५ वेळां कंटाळून कोठल्या तरी भलत्याच पानावर जाईल, असें त्यांनीं मानलें. त्यामुळें ज्याच्याकडे कोणीच बोट दाखविलेलें नाहीं, त्या पानाच्याही पदरीं थोडासा अंश पडतो.

आतां ही सारी रचना ज्या पायावर उभी होती, तो पाया गणिताचा नव्हे, नीतीचा होता. दुवा देणारा तो आपल्या वाचकाच्या हितासाठीं देतो, हें तिनें गृहीत धरलें होतें. न्यायशास्त्रानें प्रत्यक्ष, अनुमान व उपमान यांच्या जोडीला शब्द हेंही प्रमाण मानलें. पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आणि आप्ताचें लक्षण सांगतांना भाष्यकार वात्स्यायनानें कुळ पाहिलें नाहीं. ऋषि, आर्य व म्लेच्छ या सर्वांना तें सारखेंच लागू, असें त्यानें म्हटलें. वस्तु जशी जाणली तशी दुसऱ्यास सांगण्याची इच्छा, हें त्या लक्षणाचें मर्म आहे. यंत्राला बोट दिसतें. ती इच्छा दिसत नाहीं. २००३ सालीं अनेकांनीं ठरवून, दारुण अपयश अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून, अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या चरित्राच्या पानाकडे दुवे दिले. आणि ते शब्द शोधणाराला तेंच पान प्रथम दिसूं लागलें. यंत्रानें उपहासालाही साक्ष मानलें.

बोटें तोललीं जातात हें एकदां कळल्यावर बोटांचा बाजार भरण्यास वेळ लागला नाहीं. कोणी दुवे विकूं लागले, कोणी अदलाबदल करूं लागले, कोणी केवळ एकमेकांकडे बोट दाखविण्यासाठींच शेंकडों पोकळ पानें उभीं केलीं. उंटाच्या लग्नांत गाढवांनीं गावें, त्यांनीं उंटाच्या रूपाची व उंटानें त्यांच्या गळ्याची वाहवा करावी, अशांतला हा प्रकार ! गूगलनेंही उपाय योजले. २००५ सालीं, हा दुवा म्हणजे आमची साक्ष समजूं नये, असें यंत्राला कळविणारी एक खूण निघाली; २०१२ सालीं पेंग्विन या नांवाच्या सुधारणेनें बनावट दुव्यांवर उभीं असलेलीं स्थळें खालीं ढकललीं; आणि २०१९ सालीं पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांसाठीं वेगळी खूण आली. आज क्रम लावतांना दुव्यांखेरीज इतर पुष्कळ गोष्टीही पाहिल्या जातात. तरी दुव्याचें मोल संपलेलें नाहीं, हें आमच्याकडे आलेल्या पत्रावरूनच उघड आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, जाहिरातीलाही पैसे पडतात. मग यांत वावगें तें काय? आमचें उत्तर असें कीं, वकील पैसे घेऊन बोलतो आणि साक्षीदारही बोलतो. परंतु वकिलाची फी सर्वांस ठाऊक असते, म्हणून तिनें न्याय बिघडत नाहीं. साक्षीदारानें फी घेतली, म्हणजे त्याची साक्षच उरत नाहीं. जाहिरात हें वकिली बोलणें आहे, दुवा ही साक्ष आहे. हा भेद खरा कीं आमच्या कल्पनेंतला, हें पाहण्यासाठीं आम्ही त्या मंडळींना उलट पत्रीं विचारलें कीं, पैसे घेतल्याची ती खूण जोडून दुवा दिला तर चालेल काय ? त्या पत्राचें उत्तर आलें नाहीं. त्यांना काय विकत हवें होतें, हें याहून स्पष्ट काय सांगावें ?

मग कोणाचें काय बिघडलें असतें ? शोधाचा क्रम ही एक रांग आहे. तींत एकाला पुढें घेतलें, म्हणजे ज्याला आम्ही कधीं पाहिलें नाहीं, असा दुसरा कोणी मागें सरतो. शिवाय वजन वांटलें जातें हें ध्यानांत घेतलें, तर विकलेली एकेचाळिसावी ओळ उरलेल्या चाळीस ओळींचेंही वजन थोडें उणें करते. खोटी साक्ष खऱ्या साक्षींना हलकें करते हें नीतीचें वचन येथें अंकगणितानें सिद्ध होतें.

इतका विचार झाल्यावर आम्ही आपली यादी उघडून बसलों, आणि आमचा अभिमान उतरला. चाळीसपैकीं निम्म्याहून अधिक स्थळें आम्ही कधीं नीट वाचलींच नव्हतीं. दुसऱ्यांच्या याद्यांत होतीं, म्हणून तीं आमच्या यादींत आलीं होतीं. कांहीं तर केव्हांच बंद पडलेलीं होतीं. आम्ही पैसे घेतले नव्हते हें खरें. पण न पाहतां दिलेली फुकटची साक्ष ही विकलेल्या साक्षीहून फारशी वरच्या दर्जाची नाहीं. ज्यांचीं उत्तरपत्रिकेपलीकडे आम्हांला ओळख नव्हती, अशा विद्यार्थ्यांच्या शिफारसपत्रांवर केलेल्या सह्याही त्या वेळीं आठवल्या. नांव असलेल्यालाच आणखी नांव मिळत जातें, ही गोष्ट रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानें १९६८ सालीं शास्त्रज्ञांच्या बाबतींत दाखवून दिली. तिला बायबलांतील मॅथ्यूच्या नांवावरून ओळखतात. हा परिणाम घडवून आणणारे हात आमच्यासारख्या आळशी सज्जनांचेच असतात. यंत्रानें दिलेला तो १५ चा अंश अनोळखी पानाला जिवंत ठेवील. पण वर आणणार नाहीं. त्यासाठीं कोणीं तरी तें वाचलें पाहिजे.

आमच्या तरुण सहकाऱ्यानें मग सर्व स्थळें एकेक करून वाचण्याचें काम अंगावर घेतलें. यादी आतां तेवीसांची आहे. तींत एक नवें स्थळ आलें आहे. एका निवृत्त शिक्षकांनीं मोडी वाचूं इच्छिणारांसाठीं जुन्या कागदांचीं छायाचित्रें व त्यांचें बाळबोध लिप्यंतर तेथें वर्षानुवर्षें मांडलेलें आहे. त्यांच्याकडे आजवर फारसें कोणीं बोट दाखविलें नव्हतें. आमच्या भाषेंत दुवा म्हणजे आशीर्वादही. तो ज्याला द्यावयाचा, त्याच्याकडे आधीं डोळे उघडून पाहावें, एवढें तरी आम्ही या प्रकरणांत शिकलों.

ग्रंथालयाचे कोश मात्र अद्याप यावयाचे आहेत.