तामारेचें रडणें आणि वडिलांचें मौन

(वाचन : शमुवेलाचें दुसरें पुस्तक, अध्याय १३ वा)



पवित्र शास्त्रांतील हा अध्याय आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. उपदेशक तो टाळून पुढें जातात. आईबाप म्हणतात, असलें कांहीं लेकरांच्या कानांवर नको. परंतु देवानें दाविद राजाच्या घरची ही लाज झांकून ठेविली नाहीं. जें देवानें उघड केलें, तें आपण कां झांकावें? आज गांवोगांवीं लहान लेकरें आणि वयांत येणारे मुलगे व मुली हेंच दुःख मुकाट्यानें सोशीत आहेत. म्हणून हा अध्याय आपण तीन प्रश्न मनांत धरून वाचूं : पाप कोठून आलें, दोष कोणाचा होता, आणि वडील मंडळींनीं काय केलें.

पहिला प्रश्न : पाप कोठून आलें? तामारेवर हात टाकणारा कोणी परका दरोडेखोर नव्हता. तो तिचा सावत्र भाऊ अम्नोन होता. हें पाप एकाएकीं घडलें नाहीं. योनादाब नांवाच्या चतुर चुलतभावानें युक्ति सांगितली, अम्नोनानें आजाराचें सोंग घेतलें, आणि बापानेंच मुलीला भावासाठीं अन्न करावयास त्याच्या घरीं पाठविलें. मग चाकरांना बाहेर घालवून तिला आंतल्या खोलींत बोलाविलें. नातें, विश्वास आणि सेवा यांचेंच जाळें विणलें गेलें.

आजहि रीत तीच आहे. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची विचारपूस करून २००७ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील अर्ध्याहून अधिक मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचें सांगितलें. त्यांत मुलगे मुलींहून किंचित् अधिकच होते. त्रास देणारांपैकीं सुमारें निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे वा विश्वासांतले होते. असा माणूस आधीं घराचा विश्वास मिळवितो. तो खाऊ देतो, अभ्यास घेतो, मोबाईल हातांत देतो. हळूंहळूं मुलाला एकटें गांठतो. आणि शेवटीं, हें आपलें गुपित, कोणाला सांगितलेंस तर पाहा, असें धमकावितो. म्हणून लेकरांना केवळ अनोळखी माणसापासून जपावयास शिकविणें म्हणजे पुढचें दार लावून मागचें उघडें ठेवणें होय.

दुसरा प्रश्न : दोष कोणाचा? तामार बापाच्या आज्ञेनें गेली, भावाची शुश्रूषा करावयास गेली, आणि तिनें स्पष्ट शब्दांत नकार दिला. शास्त्र तिच्यावर तिळभरहि दोष ठेवीत नाहीं. मग आपण कोण ठेवणार? आणि जें लेकरूं नकारहि देऊं शकलें नाहीं, त्याचें काय? भयानें पुष्कळांचें अंग ताठून जातें, वाचा बसते. तें कबूल होणें नव्हे. ही गोष्ट न ओळखल्यानें आपल्या महाराष्ट्रांत मोठा अन्याय झाला. १९७२ सालीं त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील देसाईगंज येथें, पोलीस ठाण्यांतच एका आदिवासी किशोरवयीन मुलीवर अत्याचार केल्याबद्दल दोन पोलिसांवर खटला झाला. तिच्या अंगावर जखमा नाहींत, तिनें ओरडाआरड केली नाहीं, अशीं कारणें धरून १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस सोडून दिलें. त्या निकालावर देशभर रोष उठला, आणि १९८३ सालीं कायदा बदलावा लागला. आज २०१२ च्या कायद्याप्रमाणें १८ वर्षांखालील मुलाची संमति होती, हें उत्तरच चालत नाहीं. तरी आपण अजून विचारतों : तूं गेलीसच कां? ओरडलास कां नाहींस? बंधूंनो, हे प्रश्न जखमेवर दुसरा घाव घालतात.

तिसरा प्रश्न : वडील मंडळींनीं काय केलें? तामारेनें डोक्यांत राख घातली, अंगावरचा झगा फाडला, आणि ती मोठ्यानें रडत रस्त्यानें चालली. तिनें लपविलें नाहीं. लपविलें तें घरच्यांनीं. तो तुझा भाऊ आहे, म्हणून गप्प राहा, असें अबशालोमानें तिला सांगितलें. दाविद राजा संतापला; पण त्यानें अम्नोनाचा न्याय केला, किंवा लेकीला जवळ घेतलें, असें कोठेंहि लिहिलेलें नाहीं. त्या मौनाचें फळ काय झालें? तामार भावाच्या घरांत उदास होऊन राहिली. दोन वर्षांनीं अबशालोमानें अम्नोनाचा घात करविला. पुढें त्यानें बापावरच बंड केलें, आणि शेवटीं तोहि मेला. घराचें नांव राखावयास गेलेल्यांचें घरच मोडलें.

आपल्यांतहि हेंच घडतें. मुलीचें लग्न कसें होईल? मंडळीचें नांव जाईल! पंच बसतात, पैसे ठरवितात, किंवा त्याच माणसाशीं लग्न लावून मोकळे होतात. कोणी म्हणतात, ख्रिस्ती माणसानें क्षमा करावी. क्षमा ही त्या जखमी जिवानें आपल्या वेळीं देण्याची गोष्ट आहे. ती मागून घेण्याचा अधिकार पंचांस नाहीं, आणि क्षमेनें कायद्याचें कर्तव्य टळत नाहीं. ऑस्ट्रेलिया देशांत शाही चौकशी आयोगानें २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, पुष्कळ ख्रिस्ती मंडळ्यांनीं व संस्थांनीं आपलें नांव वांचविण्यासाठीं लेकरांचा टाहो दाबून टाकिला होता. ही गोष्ट केवळ परकीयांची समजूं नये.

तर मग आपण काय करावें? मूल एकाएकीं गप्प झालें, एखाद्या घरीं जावयास भिऊं लागलें, मोठें असून अंथरूण ओलें करूं लागलें, त्याला बसतांना दुखूं लागलें, तर लक्ष द्यावें. एका खुणेनें निकाल करूं नये, पण डोळेझांकहि करूं नये. मूल बोललें तर शांतपणें ऐकावें. तुझा दोष नाहीं, असें सांगावें. पुन्हा पुन्हा खोदून विचारूं नये. कपडे धुवूं नयेत; लागलीच दवाखान्यांत न्यावें. तेथें प्रथमोपचार विनामूल्य देणें रुग्णालयास बंधनकारक आहे. १०९८ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस मदत मागतां येते. पोलिसांस कळविणें हें कायद्यानें प्रत्येकाचें कर्तव्य आहे. जो मोठा माणूस जाणूनबुजून कळवीत नाहीं, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. मुलाचा जबाब शक्यतों स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेशाशिवाय, मुलाच्या घरीं किंवा त्याला हवें तेथें घ्यावा. रात्रीं त्याला ठाण्यांत ठेवूं नये. त्याचें नांव वर्तमानपत्रांत छापूं नये, असा नियम आहे. मग नांव जाण्याच्या भयानें मागें कां सरावें? शब्बाथ शाळेंत व बोर्डिंगांत कोणीहि मोठ्या माणसानें मुलाला बंद खोलींत एकटें घेऊं नये, मग तो उपदेशक असो वा पाळकसाहेब असोत.

तारकानें एक बालक शिष्यांच्या मध्यें उभें केलें, आणि लहानग्यांस अडखळविणाऱ्यांस जात्याच्या तळीचें नांव घेऊन भयंकर सूचना दिली. तामारेच्या घरांत तिच्या बाजूनें बोलणारा कोणी उभा राहिला नाहीं. तुमच्या गांवांत अशी एखादी तामार, किंवा तिचा धाकटा भाऊ, आज कोणाच्या तरी दाराशीं उभा असेल. तें दार तुमचें असलें, तर उघडा, ऐका, आणि गप्प राहूं नका. प्रभु आपणांस तें धैर्य देवो. आमेन.