माळ

मराठीत ‘चढाई’ हा एकच शब्द डोंगरालाही चालतो आणि शत्रूलाही. गडांच्या मुलखात घडलेल्या भाषेला या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्याशा वाटल्या नाहीत. सह्याद्रीत लाव्ह्याच्या थरावर थर साचले, त्यांचे उभे कडे झाले आणि हे कडेच गडाचा पहिला तट ठरले. बांधणाऱ्यांनी चुना-दगड खर्ची घातला तो मुख्यतः कडा जिथे ढळतो तिथे. उरलेली राखण कातळावर सोपवली. घाला घालणाऱ्याने कधी कधी नेमका तोच कातळ निवडला.

‘चढणे’ या क्रियापदाचं गोत मात्र विचारात पाडतं. ताप चढतो, विष चढतं, नशा चढते, पारा चढतो. एक दुसऱ्याला वरचढ ठरतो आणि त्याचा तोरा मिरवू लागला की आपण त्याला चढेल म्हणतो. नुसतं वर जाणं आपल्या भाषेला फारसं भूषणाचं वाटलेलं नाही.

या शब्दांशेजारी मला ‘माळ’ हा शब्द ठेवावासा वाटतो. माळ म्हणजे कड्यावरून सोडायची दोराची शिडी. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कोंढाणा गड घ्यायला गेले, त्या प्रसंगाच्या पोवाड्यात घोरपड कडा चढते. सभासदाने लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या बखरीत घोरपड नाही. तिथे निवडलेले दोन मावळे वानरासारखे कड्यावरून वर जातात आणि माळ लावतात. मग तिच्यावरून तानाजी आणि बाकीचे लोक चढतात. त्या दोघांची नावं बखरीत नाहीत. त्यांनी लावलेली माळ मात्र आहे.

नाशिककडच्या हरिहरगडाच्या उभ्या जिन्यावर प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना हाताच्या पकडीसाठी खोबण्या आहेत. बोटं आत घातली की कातळाचा गारवा लागतो आणि कुणीतरी आपल्या पंजाचं माप घेऊन ठेवलं होतं, असं वाटतं. खोबणी ही दगडात कोरलेली माळच.

१८१८ मध्ये इंग्रजांनी या भागातल्या अनेक गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. गड निकामी करायचा तर चढण्याची सोय मोडावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. आज त्यांतल्या अलंग-मदन या गडांवर जाताना तुटलेल्या टप्प्यावर सगळे थांबतात. एकजण कातळ चाचपत वर जातो, दोर पक्का बांधतो, ओढून पाहतो आणि खाली हाक देतो, “या.”