ऋण की ठेव?

गेल्या वर्षी आमच्या शेजारचा मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन नोकरीसाठी जर्मनीला गेला. निघण्याच्या आदल्या रात्री सारा मजला त्यांच्या घरी जमला होता. बॅगांचे वजन करणे, लोणच्याची बरणी काढणे, पुन्हा घालणे चालले होते. तेवढ्यात त्याच्या आईने, सहज विचारावे तसे, विचारले, "परत कधी येशील रे?" बॅगेची चेन ओढीत मुलगा म्हणाला, "दोन वर्षं तरी लागतील. मग बघू."

या 'बघू'ने मला पुढे कित्येक दिवस स्वस्थता लाभू दिली नाही. आपल्या भाषेतील हा मोठा सोयीचा शब्द. त्यात होकार नाही आणि नकारही नाही. बोलणारा मोकळा राहतो, ऐकणारा अडकून पडतो. वहिनींनी मुलाची खोली होती तशीच ठेवली आहे. पाहुणे आले तर बाहेरच्या खोलीत गाद्या पडतात. त्या पलंगावर कोणी निजायचे नाही.

शिकून सवरून परदेशी राहावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा ऋणाच्या भाषेत मांडला जातो. समाजाच्या पैशावर शिकलास, मग त्याची फेड कुठे? १९७० च्या दशकात अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी तर असे सुचविले होते की, विकसनशील देशांतून बाहेर गेलेल्या सुशिक्षितांच्या तेथील मिळकतीवर कर बसवावा. या विचारात तथ्य नाही असे नाही. परंतु जे ऋण पैशात मोजता येते, ते पैशाने फिटतेही. २०२२ या एका वर्षात परदेशातून भारतात १०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आली (तीत आखातात राबणाऱ्या मजुरांचा घाम किती, हे विसरता कामा नये). आईवडिलांच्या चरितार्थासाठी २००७ साली झालेला कायदा परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. पण वहिनींना चरितार्थाची ददात नाही. त्यांच्या यजमानांना निवृत्तिवेतन मिळते. मग त्यांचे नेमके काय थकले आहे?

आणि तक्रार तरी आम्ही कोणत्या तोंडाने करावी? टिटवाळ्याच्या किती इमारती अशा माणसांनी भरल्या आहेत, जी कधी कोकणातून, कधी घाटावरून मुंबईत आली आणि परवडणाऱ्या जागेच्या शोधात या लोहमार्गावर पुढेपुढे सरकत राहिली! मीही त्यांतलाच. गाव सोडताना आईला म्हणालो होतो, "मे महिन्यात येतो." काही मे महिने गेलो. पुढे मनीऑर्डर जात राहिली. तिच्या कुपनावर दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. तीत मी दर महिन्याला 'लवकरच येतो' असे लिहीत असे. आई गेल्यावर तिच्या पेटीत ती सारी कुपने दोऱ्यात ओवलेली सापडली. पैसे पोहोचले होते, खर्चही झाले होते. जपून ठेवली होती ती माझी खोटी ओळ.

जाण्याचा अधिकार मी नाकारीत नाही. प्लेटोच्या 'क्रिटो' या संवादात तुरुंगातला सॉक्रेटिस पळून जाण्याचे नाकारतो, तेव्हा नगराचे कायदेच आपल्याशी बोलत आहेत अशी तो कल्पना करतो. ते कायदे म्हणतात की, प्रौढ झाल्यावर ज्याला हे नगर आवडत नसेल त्याने आपली चीजवस्तू घेऊन खुशाल जावे. जो राहिला त्याने मात्र आम्हांला मान्यता दिली. दार उघडे असते म्हणूनच राहण्याला मोल येते. कोंडून ठेवलेल्या माणसाच्या निष्ठेला निष्ठा कसे म्हणावे?

टिटवाळ्याच्या गणपतीविषयी अशी आख्यायिका आहे की, येथे कण्व ऋषींचा आश्रम होता आणि शकुंतलेने त्यांच्या सांगण्यावरून गणेशाची आराधना केली. ते काही असो; कालिदासाच्या नाटकात शकुंतलेची पाठवणी केल्यावर कण्वांना एखादी ठेव परत केल्यासारखे हलके वाटते. मुलगी हे परक्याचे धन, ही त्यामागची समजूत मला मान्य नाही. पण ठेवीची कल्पना मात्र मनात घर करून राहिली. ऋण देणारा परतफेडीची वाट पाहतो. ठेव सांभाळणारा ती स्वाधीन करून मोकळा होतो. मात्र नेणाऱ्याने 'नेली' असे स्पष्ट म्हणावे लागते. 'बघू' म्हटल्याने ठेव नेली जाते आणि राखणदार मात्र तसाच बसून राहतो.

येथून तीन स्थानकांवरच्या कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. त्या शिकून नव्हे, शिकण्यासाठी गेल्या. पण जाण्यापूर्वी त्यांनी जे केले ते आजही कोणी क्वचितच करील. फेब्रुवारी १८८३ मध्ये, अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, बंगालमधील श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात त्या उभ्या राहिल्या आणि लोक विचारीत असलेले सहा प्रश्न घेऊन एकेकाचे उत्तर त्यांनी दिले. अमेरिकेलाच का? एकटी का? परतल्यावर वाळीत टाकले तर? मिशनऱ्यांनी स्थापिलेल्या त्या वास्तूत त्यांनी निःसंकोच सांगितले की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतून आपल्या माणसांत राहीन. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली, नोव्हेंबरात त्या परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. डॉक्टर म्हणून सेवा करणे त्यांना घडलेच नाही. ऋणाच्या वहीत पाहू गेल्यास फेडीच्या बाजूला शून्य. तरी त्यांना ऋणको म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. मागे राहणाऱ्यांना त्यांनी आधीच जाब दिला होता आणि शब्द पाळला होता.

कोणी म्हणेल, बाविसाव्या वर्षी मुलाला आपले मन तरी कुठे कळलेले असते? खरे आहे. मग त्याने 'मला ठाऊक नाही' असे म्हणावे. ते 'बघू'हून कठोर वाटेल, पण त्यात फसवणूक नाही. आणि आपणही प्रश्न असा विचारतो की खरे उत्तर देण्याची सोयच उरू नये. लग्नकार्यात 'आमचा जर्मनीला असतो' हे सांगताना आपला आवाज किती चढतो!

गेल्या रविवारी वहिनींनी फोन माझ्या हाती दिला. पडद्यावर मुलाचा चेहरा होता. मागे खिडकीबाहेर बर्फ पडत होते. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. विचारायला हीच वेळ बरी होती.

"थंडी फार आहे का रे?" मी विचारले.