ब्रुगेनच्या बोळात

बर्गनच्या धक्क्यावर जावे ते सकाळी, गर्दी व्हायच्या आत. नॉर्वेच्या या बंदरात पाऊस जवळजवळ रोजचाच. ब्रुगेनच्या तांबड्या-पिवळ्या लाकडी इमारती तेव्हा ओल्याच असतात. धक्क्यावरून त्यांची रांग देखणी दिसते. पण गल्लीचा जीव आहे मागे. दोन इमारतींमधल्या अरुंद बोळात शिरले की पायाखाली फळ्या, डोक्यावर झुकलेले सज्जे.

सुमारे 1360 पासून इथे हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची पेढी होती. उत्तर नॉर्वेतून कॉड मासा यायचा, आपले बोंबील वलांडीवर वाळतात तसा लाकडी मांडवांवर, मीठ न लावता, गार वाऱ्यात सुकवलेला. त्याच्या बदल्यात धान्य जायचे. पेढीवरच्या माणसांना इथे लग्न करून राहायची मुभा नव्हती. आगीच्या धास्तीने वखारींत विस्तव पेटवायचा नाही. ऊब आणि गरम जेवण मिळायचे ते मागच्या सामायिक दालनात. घरापासून दूर आलेल्या उमेदवार पोरांनी ते हिवाळे कसे काढले असतील, हा विचार त्या बोळात मनातून जात नाही.

एवढे जपूनही गल्ली पुन्हा पुन्हा जळाली. 1702 च्या आगीनंतर लोकांनी ती जुन्याच आखणीवर, जुन्याच पद्धतीने उभी केली. हा हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

1955 मध्ये पुन्हा आग लागली आणि काही भाग गेला. मोकळ्या झालेल्या जागेत वर्षानुवर्षे उत्खनन चालले. ओल्या मातीतून रून या जुन्या लिपीतले शेकडो लेख वर आले, बरेचसे लाकडाच्या काड्यांवर कोरलेले. मालाला बांधायच्या नावाच्या पट्ट्या, व्यापाराचे निरोप, प्रार्थना, प्रेमाचे शब्द. एका काडीवर एवढेच, की गिडा तुला घरी जायला सांगते आहे. मोठ्या लोकांचे करार आणि हिशेब सांभाळायला दप्तरे असतात. गिडाचा निरोप टिकावा असे कुणाच्याच मनात नव्हते. तो चिखलाने सांभाळला, आणि आगीने आपल्यापर्यंत पोचवला.

1979 पासून ब्रुगेन जागतिक वारशाच्या यादीत आहे. पाहायला जाणाऱ्याने धक्क्यावर छायाचित्रे काढून परत फिरू नये. उत्खननाच्या जागेवरच 1976 मध्ये संग्रहालय उघडले आहे, तिथे या काड्यांसाठी सवड ठेवावी.